थेओच्या नावाची पुडी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फोनवर टाइप केलं आणि दोनदा पुसलं. कारण लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीत सांगावं लागतं की मी माझ्या सगळ्यात जवळच्या मित्रावर जळत होतो, आणि जळत होतो ते त्याच्या मानेवरून. त्याच्या होणाऱ्या बायकोवरून नाही, पगारावरून नाही, नदीपलीकडे त्याने भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांवरूनही नाही. मानेवरून. गेल्या हिवाळ्यापर्यंत थेओला मान नव्हती. मलाही नव्हती, अजून नाही. आमची डोकी सरळ खांद्यांवर ठेवलेली असायची, उशीवर कलिंगड ठेवावं तशी. मग वसंतात एक दिवस तो मी काम करतो त्या मोबाइलच्या दुकानात आला. मी कुणाच्या तरी फोनवर काच चिकटवत होतो. वर बघितलं तर शर्टाच्या कॉलरमधून एक मान आलेली. तिच्यात दोन शिरा, मध्ये एक हाड, आणि तो बोलला की ते हाड खालीवर होत होतं. माझ्या हाताखालच्या काचेत हवेचा बुडबुडा राहिला. मी तो कडेला ढकलत राहिलो. इकडून दाबला की तिकडून निघायचा. गिऱ्हाइकाने शेवटी विचारलं, होतंय की नाही. मी म्हटलं, होतंय. आणि थेओला म्हटलं, काय रे, आजारी आहेस का. तो हसला. म्हणाला, धावतोय. नदीकाठी, रोज सकाळी, भात सोडलाय. मी तेव्हापासून त्या नदीवरसुद्धा जळत होतो.

लग्न शरदात होतं आणि लग्नाचे फोटो जुलैत, आमच्याकडे ते आधीच स्टुडिओत काढून घेतात. फोटोच्या दिवशी जवळचं कुणीतरी लागतंच. नवरीच्या झग्याचा घोळ उचलायला, लिपस्टिक न पुसता किंबापचा, म्हणजे भाताच्या सुरळीचा, एकेक घास तोंडात घालायला, पाण्यात स्ट्रॉ धरायला. नाग्यंगची, म्हणजे थेओच्या होणाऱ्या बायकोची बहीण ऐनवेळी आली नाही, त्यामुळे दोघांचंही सगळं मीच करत होतो. स्टुडिओत एसी होता तरी मला घाम येत होता. कपडे चढवणारी मावशी थेओला टक्सिडो घालत होती आणि तिच्या तोंडात पिना होत्या. पिना तोंडात ठेवूनच ती म्हणाली, जाड नवऱ्यांना मी कोट मागून उभा कापून घालते आणि क्लिपा लावते, समोरून कळत नाही, या पोराला मात्र एकही क्लिप नको. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांनी माझी पाठ कुठून कापायची ते ठरवलेलं मला दिसलं. थेओने घरून घालून आलेला स्वतःचा कोट माझ्याकडे दिला. जरा धर रे, म्हणाला.

मी तो कोट पडद्यामागे नेला. हे सांगायला लाज वाटते, पण मी तो घालून बघितला. एकच बाही गेली. दुसरा हात मागे अडकला आणि मी स्वतःच्याच पाठीशी झटापट करत उभा राहिलो, आणि तेव्हा खिशात काहीतरी कुरकुरलं. तीच ती लहानशी गोष्ट, जिच्यामुळे पुढचं सगळं झालं. पुड्यांची पट्टी होती. औषधाच्या दुकानातून मिळते तशी, दुधट कागदाची, एकाला एक चिकटलेल्या पुड्या, आतल्या गोळ्यांच्या सावल्या दिसणाऱ्या. प्रत्येक पुडीवर थेओचं नाव छापलेलं आणि खाली सकाळ किंवा संध्याकाळ. औषधाचं नाव कुठेच नाही. अर्धी पांढरी गोळी, एक कॅप्सूल, आणखी दोन बारक्या. अशा पुड्या मला पाठ होत्या. इंटरनेटवर वजनाच्या गप्पा जिथे चालतात तिथे लोक त्यांचे फोटो टाकतात आणि खाली विचारतात, ही कोणत्या दवाखान्याची, भूक किती तास मरते. मी रोज ते वाचायचो आणि कधी काही लिहायचो नाही. म्हणजे नदी नव्हती. भात सोडणं नव्हतं. मला आधी मजा वाटली, अगदी पोटातून, चोर पकडल्यासारखी. ती मजा जेमतेम एका श्वासाइतकी टिकली. मग लगेच दुसरं आलं. त्याला हे मिळालं आणि त्याने मला सांगितलं नाही. ज्या माणसाबरोबर मी दोन वर्षं एका बराकीत घामाचा वास वाटून घेतला, त्याने स्वतःसाठी एक दार शोधलं आणि आपल्यामागे लावून घेतलं.

दार म्हणायचं कारण आहे. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाला सैन्यात ठरावीक काळ काढावाच लागतो, आणि आम्ही एकाच दिवशी भरती झालो. गणवेश वाटणाऱ्याने आम्हा दोघांना बघितलं आणि मागे ओरडून विचारलं, तंबूचं कापड उरलंय का. संध्याकाळपर्यंत बराकीत नाव पडलं होतं, डबल डोअर फ्रिज. थेओ डावं दार, मी उजवं. कुणाला आमच्यामधून जायचं असलं की दोघांना हँडल असल्यासारखं कानाला धरून बाजूला करायचे. एकट्याला लागलं असतं असं बोलणं, पण दोघांना मिळून लागत नव्हतं. आणि कवायतीचा तो नियम, जो आमच्याकडच्या कुठल्याही पुरुषाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. वीस बैठका म्हटलं की आकडे सगळ्यांनी ओरडायचे, पण शेवटचा आकडा ओरडायचा नाही. तो मनात. एकाच्याही तोंडून निघाला की सगळ्यांना दुप्पट. आणि तो निघायचा माझ्या तोंडून. दर वेळी. मुद्दाम नाही, दम लागला की माझं डोकं बंद पडायचं आणि तोंड चालू राहायचं. अख्खी तुकडी मला शिव्या घालायची. थेओ शेजारी असायचा, लालबुंद, नाकावरून घाम गळतोय, आणि तो शिव्या देत नव्हता, हसत होता. मर आता, म्हणायचा, मी पण मरतो. तेव्हा मला वाटायचं की या जगात माझ्या वजनाचा एक माणूस आहे. आता त्या दाराने स्वतःची बिजागरी काढून घेतली होती.

आणि मी काही साधू नव्हतो. थेओची मान बघितल्यापासून मीही एका देशी औषधांच्या वैद्याकडे जात होतो. म्हाताऱ्याने नाडी धरली, डोळे मिटले, म्हणाला तुमच्या अंगात पाणी साठतंय, आणि काढा दिला. तपकिरी, प्लास्टिकच्या पाकिटात बंद, सकाळ-संध्याकाळ एकेक. मुळ्या, साली आणि गंजलेला नळ एकत्र उकळल्यासारखी चव. त्याने सांगितलं होतं की सुरुवातीला छाती धडधडेल, घाबरू नका, म्हणजे लागू पडतंय. त्यामुळे छाती धडधडली की मला आनंद व्हायचा. दुकानाच्या फ्रिजमध्ये थंड पेयांच्या मागे पाकिटं लपवून ठेवायचो, मालकाला सांगितलं आईचं टॉनिक आहे. झोप उडाली, तोंडाला कोरड पडली, तीन किलो गेले, त्यातला एक परत आला. थेओला सांगितलं नाही. का, तर मला त्याच्यासमोर एक दिवस असंच उभं राहायचं होतं, कॉलरमधून मान काढून. काय रे, आजारी आहेस का, असं त्याने मला विचारायला हवं होतं. आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि त्याची जास्त चांगली निघाली. तिथे पडद्यामागे, एक हात कोटात अडकवून, मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

स्टुडिओच्या संडासात मी सकाळची एक पुडी फाडली. मग दुसरी. हिशेब असा केला होता की थेओपेक्षा माझं वजन जास्त, त्याला एक तर मला दोन. गार कॉफीबरोबर घेतल्या. सकाळचा काढा पोटात होताच. घाबरलो नव्हतो. उलट गिळताना वाटलं की आता बरोबरी झाली. फाडलेल्या कागदावर थेओचं अर्धं नाव राहिलं होतं, ते मी खिशात घातलं.

नंतरचा तासभर मला फार स्पष्ट आठवतो, इतका स्पष्ट की खोटा वाटतो. दिव्यांच्या कडा धारदार झाल्या. नाग्यंगच्या झग्यावरचा प्रत्येक मणी वेगळा दिसायला लागला. पाणी प्यायलो तरी जीभ टाळूला चिकटलेली. छातीतलं पाखरू म्हणतात तसं काही नव्हतं, कुणीतरी आतून मोबाइलचं बटण दाबत बसलंय असं होतं, फोन चालू होईना म्हणून भराभर दाबतंय. लागू पडतंय, मी मनात म्हटलं. आणि त्या ठोक्यांबरोबर एकच विचार फिरत होता, लग्नाच्या दिवसाचा. आमच्याकडे लग्नात माईक नवऱ्याच्या मित्राच्या हातात असतो. माईक ज्याच्या हातात, त्याला नवऱ्याकडून काहीही करून घ्यायचा हक्क असतो. नवरीला उचल आणि मार बैठका, बघू दे सासरेबुवांना किती दम आहे. तो माईक माझा होता. थेओने दारू पिताना केव्हाच सांगून टाकलं होतं, तुझ्याशिवाय कोण. मी आधी दहा बैठका ठरवल्या होत्या. मान दिसल्यावर तीस केल्या. त्या दिवशी दिव्यांखाली मी पन्नास केल्या, आणि सावकाश मोजायच्या ठरवल्या, मध्येच विसरल्यासारखं करून पुन्हा मागे जायचं, लोक हसतील, तो लाल होईल, त्याची मान घामाने चमकेल, आणि मी माईकमध्ये म्हणेन, अजून खाली, अजून. हे मी हौसेने बघत होतो. तो माझ्याकडे बघून हसला तेव्हाही.

मग फोटोवाला म्हणाला, आता मित्राबरोबर एक गमतीचा. नवरदेवाला पाठुंगळी घ्या, नवरी मागून कोट ओढेल, सोडणार नाही म्हणत. तुम्ही दणकट आहात, तुम्हाला काय. थेओ म्हणाला, अरे नको, याची कंबर जाईल. पूर्वी तसं झालंही असतं. सैन्यात एकदा जखमी उचलायच्या सरावात आम्हाला एकमेकांची जोडी दिली होती आणि आम्ही दोघंही चिखलात बसलो होतो, वर कोण आणि खाली कोण हे ठरेपर्यंत शिट्टी झाली. मी वाकलो. तो चढला. आणि तो हलका होता. कसं सांगू. त्याचे गुडघे माझ्या बरगड्यांना लागले, त्याच्या हनुवटीचं हाड माझ्या खांद्यात रुतलं, त्याच्या श्वासाला रिकाम्या पोटाचा आंबूस वास होता, तोच जो हल्ली माझ्याही तोंडाला येतो. माझ्या पाठीवर माझा मित्र होता आणि तिथे फारसं कुणी नव्हतं. मला इतका राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी पोकळ, जिना संपला असं वाटून अजून एक पायरी लागावी तसं. फोटोवाला म्हणाला, हसा. छातीतलं बटण एकदम कुणीतरी दाबून धरलं. दिवे पांढरे झाले, मग राखाडी. मी थेओला खाली ठेवायचा प्रयत्न केला. मला वाटतं मी त्याला नीट ठेवला. मावशी ओरडली ते ऐकू आलं.

जवळच्याच इस्पितळाच्या तातडीच्या विभागात माझ्या छातीला तारा लावल्या. डॉक्टरीण आमच्याच वयाची असेल, केस पेन्सिलीने बांधलेले. काय घेता, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तिने माझा नागरिक क्रमांक टाकून स्क्रीन बघितला, त्यावर माझ्या नावाने काहीच नव्हतं. काढा तिथे दिसत नाही, आणि गोळ्या दुसऱ्याच्या नावावर. सरळ सांगा, ती म्हणाली, ठोके असे पळताहेत, प्रेशर असं आहे, पोटात काय आहे ते कळल्याशिवाय मी वरून दुसरं काही दिलं तर तेही त्यालाच जाऊन मिळेल. पडद्याशी थेओ उभा होता, टक्सिडोत, आणि त्याच्यामागे नाग्यंग, झग्याचा घोळ हातात गोळा करून.  खरंच सांगतो, मरायची भीती होती, पण ती मान असलेल्या माणसासमोर काढ्याचं नाव काढायची लाज त्या भीतीपेक्षा मोठी होती. शेवटी बोलता येईना म्हणून मी खिशातून कागद काढला आणि चादरीवर ठेवला. पुडीचा तुकडा. त्यावर थेओचं अर्धं नाव.

थेओने तो बघितला. मग त्याने मागे नाग्यंगकडे बघितलं. नदीकाठचं धावणं तिच्यासाठी होतं, ती ते सगळ्यांना सांगायची, आईला, ऑफिसात, मलाही सांगितलं होतं, डोळे भरून. मला वाटलं आता तो म्हणेल, माझी नाही. मी त्याच्या जागी असतो तर म्हटलं असतं. तो म्हणाला, "माझी आहे. वजनाची आहे. भूक मारणारी." आणि मग फोन काढून दवाखान्याला लावला, गोळ्यांची नावं एकेक करून विचारली आणि मोठ्याने डॉक्टरणीला सांगितली, नाग्यंगला ऐकू जाईल अशी. त्यानंतर माझ्याकडे वळला. "किती घेतल्यास?"

"दोन. सकाळच्या. आणि काढा. वजनाचा. वसंतापासून."

डॉक्टरणीने डोळे मिटले आणि उघडले. काढ्यात जी झाडाची काडी असते ती आणि या पुडीतली गोळी एकाच कामाच्या आहेत, ती म्हणाली, दोन्ही हृदयाला पळवतात, वर कॉफी. एका घोड्याची गाडी होती, तुम्ही चार जुंपलेत. नर्सने सलाइनमध्ये काहीतरी सोडलं, तारा बघत बसली. मग डॉक्टरीण थेओला म्हणाली, तुम्ही याबरोबर आणखी काही? तो म्हणाला, सर्दी झाली होती, नाक मोकळं करायची गोळी, दुकानातून, रोज. तिने शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. ती गोळीही त्याच घरातली, म्हणाली, झोपा. आणि थेओने टक्सिडोचा शर्ट उघडला, आणि त्याच्या छातीलाही तारा लागल्या. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. एवढं सगळं होऊनही मी त्या मोजल्या आणि जळलो.

नाग्यंग झगा सावरत पुढे आली. मग तिने थेओला विचारलं, नदीकाठी जायचास ना. तो म्हणाला, गेलो होतो, दोनदा. ती बाहेर निघून गेली. झगा पडद्यात अडकला, तिने तो ओढून सोडवला. आम्ही दोघं छताकडे बघत पडलो. थेओ माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या यंत्राचा आवाज माझ्यापेक्षा सावकाश होता, आणि मला त्या क्षणी वाटत होतं की ती परत आली नाही तर ते माझ्यामुळे, आणि त्याच क्षणी, तितकंच खरं, वाटत होतं की ती परत आली नाही तर बरं. हे दोन्ही एकाच डोक्यात कसं मावतं मला माहीत नाही. माझं डोकं मोठं आहे.

ती परत आली. खोट्या पापण्या काढून टाकलेल्या, एका डोळ्याची अजून चिकटलेली, हातात स्टुडिओतून आणलेला किंबापचा डबा, आणि उभ्या उभ्या खात होती, मोठेमोठे घास, लिपस्टिकची पर्वा न करता. "मी दोन महिने कोबी उकडून खाल्ला," ती थेओला म्हणाली, "आणि तू गोळ्या खात होतास. एक पुडी माझ्यासाठी ठेवायची होतीस." मग माझ्याकडे वळली. "मुयोल, तुम्ही पण. मला कुणीच विचारलं नाही." ती रडत होती, पण घास थांबत नव्हता. मला तेव्हा कळलं की त्या खोलीत जळणारा मी एकटाच नव्हतो. मन हलकं झालं असं म्हणणार नाही. पण खाटेवर जरा जागा झाल्यासारखं वाटलं. तिने थेओच्या तोंडात एक घास कोंबला, नर्स नको म्हणेपर्यंत. मला नाही दिला. तेही मला लागलं.

मग ती प्रवेशद्वाराशी कागदांवर सह्या करायला गेली आणि आम्ही दोघंच उरलो. दुपारचं ऊन पडद्यावर आलं होतं. माझ्या छातीतलं बटण दाबणारा थकला होता, अधूनमधून दाबत होता. थेओ म्हणाला, डॉक्टरीण म्हणते पुड्या आजपासून बंद, आणि मला माहितीये, बंद केल्या की सगळं परत येतं, लग्नापर्यंत मान जाईल बघ. मला बरं वाटलं. लपवत नाही, त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं ते हे ऐकून. त्याला ते कळलं. तो मान वळवून माझ्याकडे बघत होता, ती आहे तोवर वापरून घ्यावी तशी.

"खूश झालास ना, लेका."

"थोडा."

"मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या."

"म्हणूनच नाही मागितल्या."

तो हसला, यंत्राचा आवाज बदलला, नर्सने पडद्यातून डोकं काढून दोघांनाही दटावलं. आम्ही पडून राहिलो, दोन खाटांवर, शेजारी शेजारी, डावं दार आणि उजवं दार. थोड्या वेळाने त्याने छताकडे बघतच विचारलं, लग्नात किती बैठका मारायला लावणार होतास.

"पन्नास."

"मेलो असतो रे मी."

"हो."

 त्याच्या यंत्रातली हिरवी रेघ मी बघत होतो, एक टेकडी, मग सपाट, मग टेकडी. पन्नास बैठकांत ती टेकडी कुठेतरी यायची थांबली असती तर, स्टेजवर, मी माईकमध्ये मोजतोय, लोक टाळ्या वाजवताहेत, तिला उचललेलं. माझ्या पाठीवर मघाशी जे जवळजवळ नव्हतं ते मला पुन्हा जाणवलं, त्याच्या हनुवटीचं हाड.

"माईक दुसऱ्या कुणाला दे," मी म्हटलं.

"दुसरं कोण आहे मला." तो म्हणाला. "पण एकही बैठक नाही मारली तर सासऱ्यांना वाटेल पोरात काही दोष आहे. एक तरी सांग."

"एक. तिला उचलायचं नाही. आणि मी तुझ्या शेजारी उभा राहून मारेन."

"कोटाची शिवण उसवेल तुझी."

"मावशी मागून कापेल, क्लिपा लावेल."

तो पुन्हा हसणार होता, पण थांबला आणि एकदम गंभीर होऊन म्हणाला, "मोजायचं कसं पण? एकच असेल तर तोच शेवटचा. तू ओरडशील आणि मग दोन होतील, मग चार. तुला मी ओळखतो."

मी हात लांब केला. दोन खाटांच्या मधोमध पोचला, तार ताणली गेली, त्याने त्याचा पोचवला.

"या वेळी नाही ओरडणार," मी म्हटलं. "शब्द दिला. मनात मोजेन."